चालनशैली आणि इंधनव्यय (परफॉर्मन्स मोटारींतील)

वेग किती ठेवला, अ‍ॅक्सिलरेटर किती व कसा दाबला, गिअर केव्हा बदलला, ब्रेक किती वेळा लावला, या चालकाच्या सवयींमुळे मोटारीच्या इंधनखपात पडणारा फरक. बोलण्यात आपण ‘गाडी किती अ‍ॅव्हरेज देते’ असे विचारतो, तेव्हा उत्तराचा मोठा भाग गाडीकडे नसून चालकाच्या उजव्या पायाकडे असतो. हे सर्वच मोटारींना लागू आहे. पण परफॉर्मन्स मोटारींत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. ‘परफॉर्मन्स मोटार’ या संज्ञेची काटेकोर व्याख्या नाही. प्रस्तुत नोंदीत रोजच्या गरजेहून पुष्कळ जास्त शक्ती असलेली, रस्त्यावर चालविता येणारी पेट्रोल मोटार असा अर्थ घेतला आहे.

शक्तीची गरज : वजन १,५०० किग्रॅ. आणि वायुरोधाचा गुणांक व समोरील क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.६५ चौ. मी. अशी मोटार उदाहरणादाखल घेऊ. सपाट रस्त्यावर, वारा नसताना ताशी १०० किमी. वेग टिकविण्यास तिला चाकांपाशी सुमारे १३ किलोवॅट, म्हणजे १८ अश्वशक्ती पुरते. एंजिन आठ सिलिंडरांचे, ४०० अश्वशक्तीचे असेल, तर त्याच्या कुवतीचा विसावा हिस्सासुद्धा कामाला लागत नाही. ताशी २०० किमी. वेगाला हीच गरज १०० अश्वशक्तीच्या वर जाते. कारण वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व त्यावर मात करणारी शक्ती घनाच्या प्रमाणात.

म्हणजे शंभरच्या वेगाने जाणारे मोठे एंजिन जवळजवळ रिकामे धावत असते, आणि पेट्रोल एंजिनाला असे धावणे महागात पडते. हवेची वाट अडविणारी थ्रॉटलची झडप अशा वेळी बरीचशी मिटलेली असते. दट्ट्याला त्या अरुंद फटीतून हवा ओढून घ्यावी लागते आणि त्यात शक्ती वाया जाते. हीच पंपन हानी. आठही सिलिंडरांतील घर्षण मात्र काम कितीही कमी असले तरी चालूच राहते. एरवी इंधनातील एक-तृतीयांशाहून जास्त ऊर्जा कामी लावू शकणारे एंजिन हलक्या भाराखाली एक-पंचमांशावर किंवा त्याखाली उतरते. म्हणूनच अशी मोटार कितीही जपून चालविली तरी लहान मोटारीइतके अ‍ॅव्हरेज देत नाही. खपाची खालची मर्यादा एंजिनाच्या आकाराने ठरते, वरची चालकाच्या हातात असते. वरची मर्यादा किती दूर जाऊ शकते याचे टोकाचे उदाहरण म्हणजे बुगाटी व्हेरॉन. तिची १०० लिटरची टाकी कमाल वेगाने जाताना सुमारे १२ मिनिटांत रिकामी होते. म्हणजे लिटरमागे एक किलोमीटरही पदरात पडत नाही.

ब्रेकची किंमत : वरील मोटार ताशी १०० किमी. वेगाला पोचते तेव्हा तिच्यात सुमारे ०.५८ मेगाजूल गतिज ऊर्जा साठलेली असते. एंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर त्यासाठी अंदाजे ७० मिलि. पेट्रोल जळते, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढे. ब्रेक लावून मोटार थांबविली की ते सगळे ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन निघून जाते. दर किलोमीटरला एकदा असे घडले, तर १०० किमी. अंतरात केवळ एवढ्याच कारणाने ७ लिटर संपतात. वेग शंभरऐवजी ऐंशीपर्यंतच नेला, तर ही ऊर्जा एक-तृतीयांशाहून अधिक घटते. शक्तिमान मोटार दोन सिग्नलांमधल्या छोट्याशा पट्ट्यातही शंभरी गाठू शकते. लहान मोटारीला ती संधीच मिळत नाही. फरक इतका रुंदावतो तो यामुळे.

अमेरिकी शासनाच्या इंधनविषयक माहितीत आक्रमक चालनामुळे अ‍ॅव्हरेजमध्ये महामार्गावर १५ ते ३० टक्के व थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत १० ते ४० टक्के घट होते असे म्हटले आहे. पूर्वी तेथेच महामार्गासाठी ३३ व शहरासाठी अवघे ५ टक्के असे आकडे दिले जात. शहराच्या आकड्यातील वाढ वरील ब्रेकच्या हिशेबाशी जुळते, त्यामुळे नंतरचे आकडेच ग्राह्य वाटतात. मात्र ते सर्वसाधारण मोटारींचे आहेत.

वेग कसा वाढवावा, यावरील मतभेद : अ‍ॅक्सिलरेटरखाली अंडे आहे असे समजून हलकेच पाय ठेवावा, ही जुनी शिकवण. तिला आव्हान मिळाले ते एंजिनांच्या इंधनखपाच्या नकाशांमुळे. एका अक्षावर एंजिनाचे फेरे व दुसऱ्यावर भार (त्या फेऱ्यांना एंजिन जेवढा जोर देऊ शकते त्यातला वापरलेला हिस्सा) घेऊन, दर किलोवॅट-तासामागे किती ग्रॅम इंधन लागते हे या नकाशात रेषांनी दाखवितात. बहुतेक पेट्रोल एंजिनांत सर्वांत काटकसरीचा भाग मिनिटाला साधारण दोन ते तीन हजार फेऱ्यांच्या आसपास आणि भार तीन-चतुर्थांशाच्या जवळ असताना आढळतो. हलक्या पायाने चालविणारा या भागापासून दूरच राहतो. त्यामुळे पाय बऱ्यापैकी दाबावा, वेग चटकन गाठावा आणि गिअर मात्र लवकर वर टाकावा, असे दुसरा पक्ष सांगतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नेदरलँड्समध्ये रुजलेल्या काटकसरी चालनाच्या प्रशिक्षणात पेट्रोल मोटारींसाठी २,५०० फेऱ्यांच्या आत गिअर बदलावा असा नियम आहे, तो याच विचाराचा.

परफॉर्मन्स मोटारींपुरते पाहता दुसरा पक्ष तत्त्वतः बरोबर आहे, पण त्याचा सल्ला जसाच्या तसा पाळणे अवघड जाते. याला तीन कारणे आहेत. पाय पूर्ण दाबला की बहुतेक एंजिने मिश्रण घट्ट करतात. एरवी पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हे प्रमाण असते, ते साडेबारापर्यंत किंवा त्याखाली येते. टर्बो एंजिनांत तर जास्तीचे पेट्रोल टर्बाइन (धुराच्या झोताने फिरून एंजिनात जास्त हवा भरणारे चक्र) व उत्प्रेरक परिवर्तक (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) थंड राखण्यासाठीच ओतले जाते. ते शक्ती न देता धुराड्यातून बाहेर पडते. म्हणजे तीन-चतुर्थांश भार आणि पूर्ण भार यांत खपाच्या दृष्टीने दरी आहे व पायाला ती जाणवत नाही. दुसरे असे की, स्वयंचलित गिअरपेटी असेल तर पाय खोल गेल्याबरोबर ती गिअर खाली टाकते, फेरे पाच-सहा हजारांवर जातात आणि ‘कमी फेरे, जास्त भार’ ही जोडी जमतच नाही. ती जमवायची तर गिअर हाताने निवडावा लागतो. तिसरे, चारशे अश्वशक्तीच्या मोटारीत तीन-चतुर्थांश भाराने दिलेली मुसंडी इतकी जोरदार असते की काही सेकंदांत पुढच्या गाडीमागे ब्रेक लावावा लागतो आणि मिळविलेले सगळे तबकड्यांत जाते. पुढचा रस्ता मोकळा असेल तरच जोमाने वेग घ्यावा, नसेल तर हलका पाय बरा, एवढे म्हणता येते. दोन्ही पक्षांचे वजन केल्यास वेग वाढविण्याच्या पद्धतीपेक्षा, वाढविलेला वेग किती काळ टिकतो याला अधिक महत्त्व द्यावे लागते.

बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमाने २००८ मध्ये केलेली तुलना या संदर्भात वारंवार सांगितली जाते. टोयोटा प्रियस ही हायब्रिड मोटार धावपट्टीवर जमेल तेवढ्या वेगाने दहा फेऱ्या हाकली गेली व चार लिटरच्या आठ सिलिंडरी एंजिनाची बीएमडब्ल्यू एम-३ फक्त तिच्या मागोमाग चालली. ब्रिटिश गॅलनमागे प्रियसने १७.२ मैल दिले, एम-३ ने १९.४, म्हणजे लिटरला अनुक्रमे सुमारे ६.१ व ६.९ किमी. ही प्रयोगशाळेतील चाचणी नव्हती, आणि मागच्या मोटारीला पुढचीचा आडोसाही मिळाला असणार. यावरून मोठे एंजिन काटकसरी असते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. लहान एंजिन त्याच्या कुवतीच्या टोकावर, तर मोठे एंजिन त्याच्या सोयीच्या भाराजवळ चालले, एवढेच त्यातून दिसते.

रिकाम्या एंजिनावरील उपाय : जोमाने वेग घ्यायचा, मग एंजिन मोकळे सोडून मोटार घरंगळू द्यायची, वेग उतरला की पुन्हा तेच, या पद्धतीने एंजिन काम करते तेव्हा भरपूर भाराखाली करते व उरलेला वेळ जवळपास विश्रांती घेते. गरजेहून मोठ्या एंजिनात ही पद्धत अधिक फळते. रहदारीत मात्र ती मागच्यांना त्रासाची व धोक्याची ठरते. अभियंत्यांनी तेच तत्त्व एंजिनाच्या आत नेले. निम्मे सिलिंडर बंद ठेवायचे म्हणजे उरलेल्यांवर भार दुप्पट होतो व पंपन हानी घटते. कॅडिलॅकने १९८१ मध्ये आठ-सहा-चार सिलिंडरांवर चालणारे एंजिन आणले, पण तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण त्या कामाला अपुरे पडले. २०१२ च्या सुमारास ऑडी, बेंटली यांच्या आठ सिलिंडरी मोटारींत हे तंत्र नीट रुळले. २०११ च्या पोर्श ९११ मध्ये पाय सोडल्यावर क्लच आपोआप सुटून मोटार घरंगळते. या सर्व सोयी हलक्या पायालाच साथ देतात. पाय जड पडला की त्या आपोआप बाजूला होतात.

चालनशैली यंत्रातच बसविण्याचा याहून धाडसी प्रयत्न १९८९ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये दिसतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने कमी अ‍ॅव्हरेजच्या मोटारींवर कर बसला होता. आज गॅलनला २२.५ मैलांहून (लिटरला सुमारे ९.६ किमी.) कमी देणाऱ्या मोटारीला तो लागतो. हा कर टाळता यावा म्हणून कॉर्व्हेटच्या सहा गिअरांच्या पेटीत एक विद्युत्-खिटी होती. पहिल्या गिअरमध्ये, ताशी साधारण २० ते ३० किमी. वेगाला, पाय हलका असताना चालकाने दांडा मागे ओढला की तो दुसऱ्यात न जाता थेट चौथ्यात सरकत असे. पाय जोरात असेल तर खिटी मध्ये येत नसे. चाचणीतील आकडा त्यामुळे सुधारला. अनेक मालकांनी मात्र बाजारात मिळणारा एक छोटासा जोड बसवून ही खिटी निकामी केली, आणि चाचणीत दिसलेली बचत त्यांच्यापुरती रस्त्यावर उतरलीच नाही.

शर्यतींतील काटकसर : हा विषय सर्वांत बारकाईने अभ्यासला गेला तो शर्यतींत. लांब पल्ल्याच्या शर्यतींतील, १९८२ पासूनच्या ‘ग्रूप सी’ वर्गाच्या मोटारींना १,००० किमी. अंतरासाठी ६०० लिटर इंधनाची मर्यादा होती. फॉर्म्युला वनमध्ये १९८४ साली २२० लिटरची मर्यादा आली व ती पुढे घटत गेली. १९८५ च्या इमोला शर्यतीत आयर्टन सेनाची मोटार आघाडीवर असताना अखेरच्या टप्प्यात इंधनावाचून थांबली. पुढच्या वर्षी हॉकेनहाइमला अ‍ॅलन प्रॉस्ट शेवटच्या फेरीत कोरडी पडलेली मोटार ढकलताना दिसला. २०१४ पासून शर्यतीला १०० किग्रॅ. इंधनाची मर्यादा लागली (२०१९ मध्ये ती ११० किग्रॅ. झाली) आणि एक जुनी युक्ती सर्वांच्या तोंडी झाली : सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकच्या खुणेआधीच पाय काढून घ्यायचा व मोटार घरंगळू द्यायची. जागा तीच का, हे समजण्याजोगे आहे. त्या टोकाला मोटार तीनशेच्या घरात असते, एंजिनाची जवळजवळ सारी शक्ती हवा कापण्यात जाते, वेग फारसा वाढत नाही, आणि वाढला तरी तो पुढच्याच क्षणी ब्रेकमध्ये जाळायचा असतो. तेथे वाचविलेल्या इंधनाच्या मोबदल्यात गमवावा लागणारा वेळ सर्वांत कमी असतो. घरच्या मोटारीतून लाल सिग्नल दिसताच पाय सोडणारा चालक हेच करतो.

इतिहास : काटकसरी चालनाच्या संघटित स्पर्धा अमेरिकेत १९३० च्या दशकात रुजल्या. कॅलिफोर्नियातील १९३६ च्या स्पर्धेपासून पुढे ‘मोबिल इकॉनॉमी रन’ची परंपरा मानली जाते; ती १९६८ मध्ये, शक्तिमान मोटारींच्या भरात, थांबली. १९३९ मध्ये शेल कंपनीच्या शास्त्रज्ञांत लागलेल्या पैजेतून निघालेली स्पर्धा आजही चालू आहे. ‘हायपरमाइलिंग’ (चालनाच्या युक्त्यांनी जास्तीत जास्त अ‍ॅव्हरेज काढणे) हा शब्द २००८ मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन कोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. शब्द अलीकडचा असला, तरी तंत्र या जुन्या स्पर्धकांचेच आहे.

मोजणी व भारतातील स्थिती : भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था अ‍ॅव्हरेज प्रमाणित करतात. चाचणीत मोटार जागच्या जागी फिरत्या रोलरांवर, ठरलेल्या वेगालेखानुसार (यालाच चक्र म्हणतात) चालवितात. भारतीय चक्राचा कमाल वेग ताशी ९० किमी. आहे, युरोपच्या नव्या चक्राचा १३१. लेख सर्वांना सारखाच असल्याने चालनशैली हिशेबातून गळते आणि परफॉर्मन्स मोटारींचा प्रमाणित आकडा रस्त्यावरच्या अनुभवापासून दूर राहतो.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करण्याची आपल्याकडील सवय कार्बुरेटरच्या काळातली आहे. तेव्हा पाय सोडला तरी एंजिन थोडे पेट्रोल ओढतच असे. इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण असलेली मोटार गिअरमध्ये असताना पाय सोडला, तर इंधनाचे फवारे पूर्ण बंद होतात व चाकेच एंजिन फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहण्यासाठी पेट्रोल लागते, शिवाय एंजिनाचा ब्रेक हातचा जातो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडून बोरघाट उतरणाऱ्या मोटारीच्या पडद्यावर तात्कालिक खपाचा आकडा शून्यावर येतो. न्यूट्रल टाकताच तो पुन्हा वर चढतो.