क्लेम भरला नाही, तर एनसीएलटीनंतर येणं बाकी राहतं का?

"त्यांच्या खात्यात आमचं येणं दिसतंय, बॅलन्स कन्फर्मेशनवर शिक्का आहे, मग वेगळा क्लेम कशाला?" ज्या कंपनीकडे पैसे अडकलेत तिच्यावर नादारीची केस सुरू झाली की माल पुरवणारे छोटे कारखानदार हे विचारतात, पण बहुतेक वेळा उशिरा. क्लेम म्हणजे आपलं येणं किती ते त्या केसमध्ये ठरलेल्या फॉर्मवर, पुराव्यासह कळवणं. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली कंपनीचा रिझोल्यूशन प्लॅन (देणी मिटवून कंपनी नव्या मालकाकडे देण्याची योजना) एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, कलम ३१ खाली मंजूर केला की प्लॅनमध्ये नसलेलं येणं संपतं. घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०२१ रोजी हे स्पष्ट केलं, आणि त्यातून सरकारी थकबाकीही सुटली नाही. नवा मालक जुनी बिलं देणं लागत नाही, मग तुमचा दावा कितीही खरा असो.

पात्रतेबद्दल एक गैरसमज फार महाग पडतो. किमान एक कोटीच्या थकबाकीची अट केस दाखल करणाऱ्याला आहे, क्लेम भरणाऱ्याला नाही. साडेतीन लाखांचं बिल असलं तरी क्लेम भरता येतो. दिवाणी दावा चालू आहे, डिमांड नोटीस दिली आहे, महारेराचं वसुली प्रमाणपत्र हातात आहे, यातलं काहीही क्लेमची जागा घेत नाही.

फॉर्म सोपे आहेत. पुरवठादारांना बी, बँकांना सी, घर खरेदीदारांना सीए, कामगारांना डी. खरी गाडी अडते कागदांवर. फोनवर ऑर्डर घेऊन माल पाठवलेला असतो, पर्चेस ऑर्डर कुणाकडेच नसते. अशा वेळी बिलं, सहीचं डिलिव्हरी चलन, बँक स्टेटमेंट आणि खातेउतारा एकत्र लावा. फॉर्म बी सोबत जीएसटीआर-१, ३बी या जीएसटी रिटर्नचे संबंधित उतारे आणि लागू असेल तिथे ई-वे बिलही मागतात. बिल रिटर्नमध्ये दाखवलंच नसेल तर आरपी (रिझोल्यूशन प्रोफेशनल, केसच्या काळात कंपनी सांभाळणारा आणि क्लेम तपासणारा) शंका काढणारच. व्याज लावायचं असेल तर करारात किंवा बिलावर तशी अट हवी, आणि तेही केस दाखल करून घेतल्याच्या तारखेपर्यंतच.

आता मुदत. केस सुरू झाल्यावर पेपरात येणाऱ्या जाहीर सूचनेत छापलेली तारीख अंतरिम आरपीच्या नेमणुकीपासून १४ दिवसांची असते. ती चुकली म्हणून हातपाय गाळू नका. केस दाखल करून घेतल्यापासून ९० दिवस, किंवा प्लॅन मागवण्याची तारीख, यांपैकी जे नंतर येईल तोवर उशिराचं कारण देऊन क्लेम देता येतो. त्यानंतरही प्लॅनवरच्या मतदानाच्या बैठकीआधी सात दिवसांपर्यंत थोडी फट आहे, पण तिथे कर्जदात्यांच्या समितीची शिफारस आणि एनसीएलटीची मर्जी लागते. समितीने प्लॅन मंजूर केल्यावर आलेला क्लेम सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आरपीएस इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात ऐकून घेतला नाही. पेपरात सूचना आली म्हणजे तुम्हाला कळलं, असंच धरतात. कुठल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक टाइपात आली होती, ते कुणी विचारत नाही! म्हणून ज्या कंपनीकडे पैसे अडकलेत तिचं नाव आयबीबीआयच्या (नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या) वेबसाइटवर महिन्यातून एकदा तरी शोधत जा.

घर खरेदीदारांची बाजू थोडी बरी. क्लेम नसला तरी बिल्डरच्या नोंदींत असलेले खरेदीदार, प्लॅन देणाऱ्यांसाठी आरपी तयार करतो त्या माहितीपत्रात दाखवायला हवेत, असं एनसीएलएटीने (एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणाने) २०२२ मध्ये पुनीत कौर प्रकरणात म्हटलंय. पण त्याच्या भरवशावर फॉर्म टाळायचा शहाणपणा करू नका.

प्लॅन मंजूर होऊन गेला असेल तर? अपील ३० दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी १५, त्यापुढे नाही. मात्र कंपनी प्लॅनऐवजी लिक्विडेशनमध्ये (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणं) गेली तर क्लेमसाठी लिक्विडेशन सुरू झाल्यापासून नव्याने ३० दिवस मिळतात, हे अनेकांना माहीतच नसतं. आणि संचालकाने वैयक्तिक हमी लिहून दिली असेल, किंवा न वटलेल्या चेकवर त्याची सही असेल, तर प्लॅनमुळे तो आपोआप सुटत नाही. ते कागद आधी वकिलाला दाखवा.