दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड: अर्ज, कागदपत्रं आणि कार्ड आल्यावरची कामं

दिव्यांगांसाठीच्या कोणत्याही योजनेची चौकशी करायला गेलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिव्यांगत्व किती टक्के? म्हणून योजनांच्या याद्या जमवत बसण्याआधी प्रमाणपत्राचं काम हाती घ्या. २०२१च्या जूनपासून ते केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतं आणि यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) त्याच अर्जातून निघतं. दोन वेगळे अर्ज करायची गरज नाही.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अंधत्व, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग हे सगळ्यांना माहीत असतात. पण थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, दीर्घकालीन मानसिक आजार, अध्ययन अक्षमता आणि ॲसिड हल्ल्यात जखमी झालेले लोकही त्यात येतात. सिकलसेलच्या पेशंटच्या घरी ‘आपलं मूल कुठे अपंग आहे’ म्हणून अर्जच होत नाही आणि हक्काच्या गोष्टी हातच्या जातात.

कार्डाला किमान टक्केवारीची अट नाही. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८०च्या आत पिवळं आणि ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळं कार्ड मिळतं. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित संस्थांमधल्या उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण मात्र ४० टक्क्यांपासून पुढे. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. एक ३० टक्के आणि दुसरं २० टक्के असेल तर सूत्राप्रमाणे एकूण ५० नव्हे, साधारण ४३ टक्के भरतात. तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने टक्के कापले असं वाटून डॉक्टरांशी वाद घालण्याआधी हे लक्षात असू द्या.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे. सेवा केंद्रातून भरून घेतलात तर त्यांच्या कामाचे पैसे द्यावे लागतील, सरकारी फी मात्र काहीच नाही. लागतात ते कागद मोजके: ६ महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा, आधार, आणि उपचारांचे रिपोर्ट असतील तर तेही. आधार असेल तर रहिवासाचा वेगळा पुरावा मागायचा नाही, असं नियमच सांगतो. अर्जदार लहान असेल किंवा स्वतः अर्ज करू शकत नसेल तर पालकांनी किंवा कायदेशीर पालकाने त्याच्या वतीने करायचा. आधीचं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर ते स्कॅन करून जोडा. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तेच अक्षरन् अक्षर घाला. पुढे बँकेत आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘नाव जुळत नाही’ हा त्रास इथूनच सुरू होतो.

अर्जात रुग्णालय निवडावं लागतं. आपल्या जिल्ह्यातलं निवडा, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्याच व्याधीवर उपचार झाले ते. दुसरा पर्याय पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि खरं तर तोच सोयीचा, कारण केसपेपर तिथेच असतो. सिव्हिलमध्ये बहुधा प्रत्येक प्रकाराच्या तपासणीचा वार ठरलेला असतो, तो आधी विचारून घ्या. श्रवणदोषाला ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) आणि अगदी लहान मुलांना बेरा (मूल उत्तर देऊ शकत नसतानाही ऐकू येतं का ते मोजणारी चाचणी), बौद्धिक अक्षमतेला बुद्ध्यांक चाचणी, सिकलसेल-थॅलेसेमियाला रक्तातल्या हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारा इलेक्ट्रोफोरेसिस रिपोर्ट लागतो. पोचपावतीवरचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा, अर्ज कुठे अडलाय ते त्यावरूनच कळतं.

२०२४च्या सुधारित नियमांनुसार निर्णयासाठी ३ महिन्यांची मुदत आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायलाच हवं. तोंडी नकारावर परत फिरू नका. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. प्रमाणपत्र ‘तात्पुरतं’ असेल तर त्यावरची तारीख बघून ठेवा, मुदत संपायच्या आधी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते.

कार्ड आलं म्हणजे लाभ आपोआप सुरू होत नाहीत. व्हीलचेअर, श्रवणयंत्र अशी साधनं हवी असतील तर जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात जा, जाताना उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा काढा: वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही धरतात. दरवर्षी नूतनीकरण मात्र विसरू नका. याच चार प्रकारांतलं मूल १८ वर्षांचं झालं की त्याच्या वतीने सही करायचा आईवडिलांचा अधिकार संपतो. तो पुढेही हवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, आणि तो बँकेने अडवल्यावर नव्हे, अठरावं वर्ष लागताच तयारीला घ्यावा.