ग्रामीण फ्रान्समधील ब्रिटिश रहिवासी

ब्रिटनमधून येऊन फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत कायमचा किंवा वर्षातील बराच काळ मुक्काम करणाऱ्यांचा समूह. आजच्या स्वरूपात तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. नैर्ऋत्येकडील दॉर्दोन्य, शारांत, लॉत व लॉत-ए-गारॉन हे जिल्हे, त्यांच्या ईशान्येचा लिमुझँ प्रांत आणि इंग्लिश खाडीलगतचे ब्रतान्य व नॉर्मंडी ही त्याची मुख्य क्षेत्रे. फ्रेंच सांख्यिकी संस्था 'इन्से'च्या गणनेनुसार २०१६ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे १,४८,००० ब्रिटिश नागरिक राहत होते. त्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक एकट्या नैर्ऋत्येकडील नूव्हेल-आक्वितेन प्रदेशात होते. सुट्टीपुरते येणारे घरमालक या आकड्यात धरलेले नाहीत. ब्रिटिशांच्या दाट वस्तीमुळे दॉर्दोन्यला इंग्रजी वृत्तपत्रांनी 'दॉर्दोन्यशर' असे नाव दिले.

या वस्तीचे मूळ किती जुने, याविषयी मतभेद आहेत. स्थानिक पर्यटनसाहित्यात ते थेट बाराव्या शतकात नेले जाते. आक्वितेनची वारसदार एलिनॉर हिचा विवाह ११५२ मध्ये हेन्री प्लँटाजेनेटशी झाला आणि ११५४ मध्ये तो इंग्लंडचा राजा झाल्यावर आक्वितेन इंग्लिश राजघराण्याच्या अमलाखाली आले. तो अंमल कमीअधिक विस्ताराने १४५३ च्या कास्तियोंच्या लढाईपर्यंत टिकला. या काळातील चौकोनी आखणीची तटबंद गावे ('बास्तिद') आजही पाहायला मिळतात, आणि ती 'इंग्रजांनी वसवलेली' असे सर्रास सांगितले जाते. हे विधान जपून स्वीकारावे लागते. मोंपाझ्ये हे गाव इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या नावे १२८४ मध्ये वसले (वर्षारंभाच्या जुन्या गणनेमुळे काही जण १२८५ धरतात). पण आज ब्रिटिशांचे गाव म्हणून सर्वांत प्रसिद्ध असलेले एमे १२७० मध्ये वसवले ते फ्रेंच राजाचा भाऊ आल्फाँस द प्वातिए याने. शिवाय त्या काळी इंग्लंडहून आक्वितेनमध्ये आले ते प्रामुख्याने अधिकारी, सैनिक आणि बॉर्दोचे मद्यव्यापारी; शेतकरी वस्ती स्थानिकच राहिली. १४५३ नंतर सलग ब्रिटिश वस्तीचा पुरावा नाही.

दुसरे मत हे मूळ एकोणिसाव्या शतकातील हवापालटाच्या वसाहतींत शोधते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात १८१४ मध्ये वेलिंग्टनचे सैन्य पिरेनीजच्या पायथ्याशी आले आणि पो शहराची इंग्रजांना ओळख झाली. पोची हवा क्षयरोग्यांना मानवते असे मत डॉ. अलेक्झांडर टेलर यांनी १८४० च्या दशकात मांडल्यावर तेथे हिवाळी वस्ती वाढली; १८५६ मध्ये गोल्फचे मैदानही झाले. मात्र पो, नीस, कान, दिनार या साऱ्या धनिकांच्या शहरी वसाहती होत्या. पडकी कौलारू घरे विकत घेऊन स्वतः चुना-दगडाचे काम करणाऱ्या आजच्या रहिवाशांचा त्यांच्याशी संबंध जोडणे कठीण आहे.

अधिक सयुक्तिक वाटते ते तिसरे स्पष्टीकरण. पहिल्या महायुद्धातील मनुष्यहानी आणि १९५० नंतरचे शेतीचे यांत्रिकीकरण यांमुळे मध्य व नैर्ऋत्य फ्रान्समधील खेडी रिकामी झाली. वारसांनी शहर गाठले आणि दगडी घरे, धान्याची कोठारे व गोठे ओस पडले. नेमक्या त्याच काळात पलीकडच्या किनाऱ्यावरील अडसर दूर होत गेले. जानेवारी १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले, आणि त्याच महिन्यात ब्रतान्यच्या शेतकऱ्यांनी फ्लॉवर व आर्टिचोक विकण्यासाठी रोस्कॉफ ते प्लिमथ ही जहाजसेवा सुरू केली. भाजीसाठी निघालेल्या जहाजांतून परतीला माणसे आली. ऑक्टोबर १९७९ मध्ये ब्रिटनने परकीय चलनावरील निर्बंध उठवल्यावर लंडनजवळचे छोटे घर विकून फ्रान्समध्ये जमिनीसह मोठे घर घेणे सामान्य मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आले. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा खुला झाला. पुढे बेर्झराक व लिमोज या लहान विमानतळांवर स्वस्त विमाने उतरू लागली.

अभ्यासकांपैकी बुलर व हॉगर्ट (१९९४) यांनी हे स्थलांतर घरबाजाराच्या तफावतीतून घडलेले 'प्रतिनागरीकरण' (शहरांकडून खेड्यांकडे जाणे) मानले. मायकेला बेन्सन (२०११) यांनी लॉतमधील निरीक्षणांवरून त्यामागील जीवनशैलीच्या शोधावर भर दिला. दोन्ही मते परस्परपूरक आहेत. तरीही घरांच्या किमतींचा भाग वगळला, तर लोक डोंगराळ ओव्हेर्न्यऐवजी दॉर्दोन्यलाच का गेले इतकेच समजते, १९८० नंतरच का गेले हे समजत नाही.

घर आणि कागदपत्रे : खरेदी 'नोतेर' या शासननियुक्त विधिज्ञामार्फतच होते. प्राथमिक करारानंतर खरेदीदाराला माघारीसाठी दहा दिवस मिळतात (२०१५ पूर्वी सात). जुन्या घरावर किमतीच्या सुमारे सात ते आठ टक्के खर्च चढतो. त्याला 'नोतेरची फी' म्हणत असले, तरी त्यातील मोठा वाटा सरकारी कराचा असतो. वाळवी, शिसे, ॲस्बेस्टॉस व ऊर्जावापर यांचे तपासणी अहवाल विक्रेत्याने द्यायचे असतात.

ब्रिटिश खरेदीदाराची खरी परीक्षा होते ती मैलापाण्याच्या टाकीपाशी. खेड्यात भुयारी गटार बहुधा फक्त गावठाणापुरते असते. वाडीवस्तीवरच्या घराला स्वतःची 'फोस सेप्तिक' लागते. जुन्या घरांत ही टाकी कधी निव्वळ खड्डा असते, कधी तिचे पाणी थेट शेजारच्या चरात सुटते. १ जानेवारी २०११ पासून विक्रीच्या वेळी स्थानिक तपासणी विभागाचा तीन वर्षांहून जुना नसलेला अहवाल जोडणे सक्तीचे आहे. तपासनीस झाकण उघडून गाळाची पातळी पाहतो, स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी तेलकट थर अडवणारी वेगळी टाकी आहे का ते बघतो, वायुवीजनाची नळी छपरापर्यंत गेली आहे का तपासतो आणि निचऱ्याच्या चरांची जागा नकाशावर मांडतो. टाकी नियमात बसत नसेल, तर नव्या मालकाने एका वर्षात ती बदलायची असते. चिकणमातीच्या जमिनीत साधे चर चालत नाहीत. वाळूचा गाळणथर किंवा छोटे शुद्धीकरण यंत्र बसवावे लागते. घराभोवती पुरेशी मोकळी जमीन आहे का, हा प्रश्न म्हणूनच छपराच्या स्थितीइतकाच महत्त्वाचा ठरतो. पुष्कळ खरेदीदार तो विचारत नाहीत, हे खेदजनक आहे.

वारसा : १८०४ च्या नागरी संहितेपासून फ्रेंच कायदा मुलांचा हिस्सा राखून ठेवतो. एक मूल असल्यास निम्मी मालमत्ता, दोन असल्यास दोन-तृतीयांश, तीन किंवा अधिक असल्यास तीन-चतुर्थांश. मृत्युपत्राने मालमत्ता कोणालाही देता येते अशा इंग्लिश कायद्यात वाढलेल्यांना हे जाचक वाटते; विशेषतः दुसऱ्या विवाहातील जोडप्यांना. सावत्र मूल फ्रेंच करकायद्याने परके ठरते आणि त्याला मिळणाऱ्या वाट्यावर ६० टक्के कर बसतो. युरोपीय संघाच्या ६५०/२०१२ या नियमावलीने १७ ऑगस्ट २०१५ पासून स्वतःच्या नागरिकत्वाचा कायदा निवडण्याची मुभा दिली. ब्रिटनने ती नियमावली कधीच स्वीकारली नव्हती. तरी तिचा लाभ फ्रान्समधील ब्रिटिश नागरिकांना मिळतो, कारण ती लागू करणारा देश फ्रान्स आहे. पुढे २४ ऑगस्ट २०२१ च्या फ्रेंच कायद्याने पेच निर्माण केला. मृत व्यक्ती किंवा तिचे एखादे मूल युरोपीय संघाचे नागरिक वा रहिवासी असेल आणि निवडलेल्या परकीय कायद्यात मुलांसाठी राखीव हिस्सा नसेल, तर वगळल्या गेलेल्या मुलाला फ्रान्समधील मालमत्तेतून भरपाई मागता येते. ही तरतूद १ नोव्हेंबर २०२१ पासून अमलात आहे. ती युरोपीय नियमावलीशी विसंगत असल्याचे मत बऱ्याच कायदेपंडितांनी मांडले असून ते ग्राह्य वाटते. तथापि न्यायालयीन निवाड्याची वाट न पाहता नोतेर सावध सल्लाच देतात. घर घेतानाच मृत्युपत्राचा विचार करणे शहाणपणाचे. करात मात्र कायद्याच्या या निवडीने काही फरक पडत नाही.

कचेरी : गाव कितीही लहान असले, तरी त्याला स्वतःचा महापौर आणि कचेरी असते, फ्रान्समध्ये अशी सुमारे ३५,००० स्थानिक एकके आहेत. खिडकी बदलणे, पडवी बांधणे, पोहण्याचा तलाव खोदणे अशा कामांची नोंद येथूनच सुरू होते. आठवड्यातून दोनतीन सकाळीच उघडणाऱ्या कचेरीतील सचिव बाईंना वेळेवर भेटणे, ही नवागताने शिकायची पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे विजेचे ताजे बिल जपून ठेवणे; पत्त्याचा पुरावा म्हणून ते बँकेपासून वाचनालयापर्यंत सर्वत्र मागतात.

आरोग्य : ब्रिटिश सरकारी पेन्शन घेणारा निवृत्त रहिवासी 'एस-१' हे प्रमाणपत्र स्थानिक विमा कार्यालयात नोंदवतो, त्याच्या उपचारांचा खर्च ब्रिटन उचलते. ब्रेक्झिटनंतरही ही सोय कायम आहे. इतरांना २०१६ पासून, तीन महिन्यांच्या सलग कायदेशीर वास्तव्यानंतर, सार्वत्रिक आरोग्यविमा संरक्षणाखाली अर्ज करता येतो. मग 'कार्त व्हिताल' हे हिरवे आरोग्यविमा कार्ड मिळते. नेमलेल्या डॉक्टरकडे गेल्यास सरकारी दराच्या ७० टक्के रक्कम परत मिळते. उरलेल्या भागासाठी पूरक विमा काढतात. अडचण पैशांची नसून डॉक्टरांची आहे. गावचा डॉक्टर निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी राहते, आणि नवे रुग्ण घेणारा दवाखाना तीस-चाळीस किलोमीटरवर सापडतो. औषधविक्रेत्यावरचा भार त्यामुळे वाढला आहे. शरद ऋतूत रानातून आणलेली अळंबी टोपलीसह त्याच्यापुढे ठेवून विषारी कोणती ते विचारण्याची जुनी रीत आहे. ब्रिटिशांनीही ती उचलली आहे.

हिवाळा : ऊन पाहून घर घेणाऱ्यांना जाड दगडी भिंतींचा गारवा जानेवारीत कळतो. शेगडीचे लाकूड 'स्तेर' या मापाने विकतात. एक मीटर लांबीचे ओंडके रचल्यास एक स्तेर म्हणजे एक घनमीटर. तेच लाकूड ५० सेंटिमीटरचे तुकडे करून रचले तर सुमारे ०.८ आणि ३३ सेंटिमीटरचे केल्यास सुमारे ०.७ घनमीटर जागा व्यापते. ढीग लहान दिसला म्हणून विक्रेत्याने फसवले असा नवागताचा समज होतो तो यातून. ओक किमान दोन उन्हाळे वाळलेला हवा. धुराडे दरवर्षी साफ करून दाखला ठेवावा लागतो. आग लागल्यास विमा कंपनी तो मागते. ब्रिटनचा वृद्धांसाठीचा हिवाळी इंधनभत्ता फ्रान्समधील पेन्शनरांना २०१५-१६ पासून बंद झाला. त्यासाठी लावलेल्या तापमानाच्या निकषात फ्रान्सच्या उष्णकटिबंधीय सागरापार प्रांतांचीही सरासरी धरली गेली. लिमुझँच्या थंडीत राहणाऱ्या वृद्धांवर हा उघड अन्याय होता.

दुकाने दुपारी बारा ते दोन व पुष्कळदा सोमवारी बंद असतात. आठवडी बाजाराचा वार ठरलेला असतो; एमेचा गुरुवार. सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम चालतो, आणि त्या काळात रानवाटेने जाताना भडक रंगाचे कपडे घालणे आवश्यक आहे : २ डिसेंबर २०२० रोजी लॉतमधील काल्व्हिन्याक येथे स्वतःच्या घराजवळ लाकूड तोडणाऱ्या ब्रिटिश वंशाच्या तरुणाचा शिकाऱ्याच्या गोळीने मृत्यू झाला.

उपजीविका : कामाच्या वयाचे रहिवासी बहुधा २००९ मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म-उद्योजक योजनेखाली नोंदणी करतात. घरगुती पाहुणगृह (कमाल पाच खोल्या, १५ पाहुणे) कचेरीत नोंदवावे लागते. गवंडी वा सुतारकामासाठी दहा वर्षांच्या हमीचा विमा सक्तीचा आहे. तो नसलेल्या देशबांधवाकडून काम करून घेणे स्वस्त वाटले, तरी घर विकताना महागात पडते.

ब्रेक्झिटनंतर : ३१ डिसेंबर २०२० पर्यंत फ्रान्समध्ये वास्तव्य असलेल्यांना माघार-कराराखाली निवासपत्र मिळाले, अर्जाची मुदत ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत वाढवली गेली. त्यानंतर येणाऱ्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. नुसत्या दुसऱ्या घराच्या मालकांना १८० पैकी ९० दिवसांची मर्यादा आहे. त्यांना व्हिसातून सूट देणारे कलम फ्रेंच संसदेने मंजूर केले होते. कायदे घटनेत बसतात का ते तपासणाऱ्या घटना परिषदेने ते २५ जानेवारी २०२४ रोजी, मूळ विधेयकाशी संबंध नसल्याच्या कारणावरून, रद्द केले. फ्रेंच ग्रामपरिषदांत सातशेहून अधिक ब्रिटिश सदस्य होते. मार्च २०२० च्या निवडणुकीपूर्वीच त्यांचा उमेदवारीचा व मतदानाचा हक्क संपला. कित्येक लहान गावांनी त्यामुळे कष्टाळू सदस्य गमावले. ब्रिटनमधील मताधिकारावरची १५ वर्षांची मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये उठली. तरी गावच्या कारभारात पुन्हा मत हवे असल्यास फ्रेंच नागरिकत्वाखेरीज मार्ग नाही. त्यासाठी साधारण पाच वर्षांचे वास्तव्य व भाषापरीक्षा लागते. १ जानेवारी २०२६ पासून परीक्षेची पातळी युरोपीय भाषा-मोजपट्टीवरील बी-१ (मध्यम) वरून बी-२ (उच्च-मध्यम) वर नेली आहे, आणि बाजारहाटापुरते फ्रेंच शिकलेल्या निवृत्तांना ती गाठणे अवघड जाते.