समुद्री गवत टाकीत मरतं ते बहुतेकदा रात्री

परवा एक व्हिडिओ बघितला. एकजण गुडघाभर समुद्रात उभा राहून हिरव्या पात्यांची मूठ उपटतो, घरी नेऊन टाकीतल्या पांढऱ्याशुभ्र वाळूत खोचतो आणि शेवटपर्यंत त्याला शेवाळ म्हणतो. राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण ते शेवाळ नाहीच, आणि खोचलेली ती मूठ जगणं जवळजवळ अशक्य आहे.

शेवाळाला खरी मुळं नसतात, लागेल ते सगळं ते पाण्यातूनच अंगभर शोषून घेतं. समुद्री गवत म्हणजे खरीखुरी सपुष्प वनस्पती, मुळं, खोड, पानं, फुलं, बिया सगळं असलेली, शाळेत शिकलेल्या एकदलांपैकी. जगभरात मिळून साधारण सत्तरच जाती आहेत. डायनोसॉर होते त्या काळात यांचे जमिनीवरचे पूर्वज परत समुद्रात शिरले. 2016 साली झोस्टेरा मरीना या जातीचा जीनोम (सगळा जनुकीय आराखडा) वाचला गेला तेव्हा पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची हवेची देवाणघेवाण करणारी छिद्रं, बनवणारे जीन्सच गायब झालेले दिसले, म्हणजे जमिनीवर परतायचा रस्ता यांनी कायमचा बंद केलाय.

आता खरी गंमत चिखलात आहे. समुद्राच्या तळाशी काही मिलिमीटर खाली गेलं की ऑक्सिजन संपतो, मग तिथले बॅक्टेरिया श्वसनासाठी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. हे विष आहे. पेशीतल्या श्वसनाची जी शेवटची पायरी सायनाइड बंद पाडतं, तीच हेही बंद पाडतं. आणि समुद्री गवताची मुळं जन्मभर या विषात रुतलेली असतात!

मग ती जगतात कशी? कमळाचा देठ आडवा कापून बघितला असेल तर आत नळ्या दिसतात ना, तशाच बारीक हवेच्या नळ्या या गवतात पानापासून मुळापर्यंत जातात. पात्याचा तुकडा पाण्याखाली धरून हलकेच दाबा, कापलेल्या टोकातून बुडबुडे निघतील. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेला ऑक्सिजन या नळ्यांतून खाली उतरतो, मुळांना मिळतो आणि मुळांच्या कोवळ्या टोकांतून थोडा बाहेर चिखलातही झिरपतो. तिथे सल्फाइडचं ऑक्सिडेशन होतं आणि विष मुळाला शिवायच्या आधीच निकामी होतं. म्हणजे प्रत्येक मूळ स्वतःभोवती ऑक्सिजनचं पातळ कवच घेऊन फिरतं, कवच म्हणजे मिलिमीटरच्या आतबाहेरचं, पण तेवढं पुरतं.

पण रात्री? प्रकाश नाही, ऑक्सिजन बनत नाही, आणि झाडाचं श्वसन तर चालूच. तेव्हा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पानांतून आत शिरतो आणि त्याच नळ्यांनी खाली जातो. झाड अख्खी रात्र टाकीतल्या पाण्याच्या ऑक्सिजनवर काढतं. पाणी साचलेलं असेल, गरम असेल (गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि श्वसन मात्र वाढतं), मासे जास्त असतील, तर पहाटेपर्यंत नळ्यांतला ऑक्सिजन इतका उतरतो की मुळांभोवतीचं कवच फुटतं, सल्फाइड मुळात घुसतं आणि त्याच हवेच्या नळ्यांनी वर चढतं. गवताचा वाढणारा भाग पानाच्या टोकाला नसतो, बुडाशी असतो, त्यामुळे घाव नेमका तिथे बसतो.

माझ्या टाकीत मी हे बघितलंय, रात्री पंप बंद पडला होता, सकाळी पाती हिरवीगार, पण तिसऱ्या दिवशी एकेक पातं वर तरंगायला लागलं आणि उचलून बघितलं तर बुडाचा बोटभर भाग काळा, मऊ. 1987 मध्ये फ्लोरिडा बे इथे थॅलॅशिया जातीचं सुमारे 4000 हेक्टर गवत गेलं, तिथेही बुडाशी कुजलेली हिरवी पाती पाण्यावर आली होती आणि सल्फाइड हा मुख्य संशयितांपैकी एक होता.

म्हणून गोळा करताना पाती नाही, हळदीसारखं असतं ते आडवं खोड महत्त्वाचं, आणि त्यातही त्याचं वाढतं टोक. ते तुटलेलं असेल तर उपयोग नाही. हिरव्या कुरणातून उपटू नका, वादळानंतर किनाऱ्यावर लागलेले ताजे तुकडे बघा. बऱ्याच देशांत हे गवत संरक्षित आहे, त्यामुळे सुटा तुकडा उचलायलाही परवानगी लागते का ते आधी विचारा. मुळं क्षणभरही वाळू द्यायची नाहीत. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला कुरण उघडं पडतं म्हणून तेव्हा गोळा करणं सोपं जातं, पण चंद्रामुळे झाड चांगलं धरतं असं जे सांगतात त्याला काही आधार नाही.

घरी वाळू चार-सहा इंच खोल, बारीक, आणि शक्यतो थोडी लोहयुक्त माती मिसळलेली घ्या, कारण लोह सल्फाइडला बांधून ठेवतं आणि शुभ्र चुनखडी वाळूत ते नसल्यासारखंच असतं. प्रकाश भरपूर, शेवाळाला पृष्ठभागावरच्या उजेडाचा एखादा टक्का पुरतो, याला दहा-वीस टक्के लागतो. पहिले काही आठवडे जुनी पाती गळतील, खोड टणक आहे तोवर हात लावू नका. रात्री पाणी हलतं ठेवा. याच टाकीच्या पाण्याला जोडलेल्या शेजारच्या छोट्या टाकीत शेवाळ ठेवून तिथला दिवा फक्त रात्री लावला तर ऑक्सिजन अजून सांभाळला जातो.

समुद्री गवत जंगलाच्या 35 पट कार्बन शोषतं असं हल्ली सगळीकडे फिरतंय. कार्बन साठतो हे खरं, पण तो शतकानुशतकं न ढवळलेल्या चिखलात, आणि जागेप्रमाणे आकडा प्रचंड बदलतो. घरातल्या टाकीने हवा शुद्ध होते वगैरे कोणी सांगून वस्तू विकत असेल तर घेऊ नका.

आणि वाढलेलं जास्तीचं गवत समुद्रात परत सोडू नका, भले तो तोच किनारा असो. 1984 मध्ये मोनॅकोजवळ अ‍ॅक्वेरियममधून निसटलेलं कौलर्पा शेवाळ भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरलं. छाटलेलं पूर्ण वाळवा, मग कचऱ्यात टाका.

सगळं जमलं तर काही महिन्यांनी एखादं मूळ काचेला टेकून खाली उतरेल. टॉर्च लावून जवळून बघा, काळ्या चिखलात त्याच्याभोवती तांबूस, गंजासारखी बारीक रेघ दिसते, ते गंजलेलं लोहच आहे, पानातून खाली आलेल्या ऑक्सिजनने गंजलेलं.