अक्षता पडल्या की टीव्ही का अडकतो?

उन्हाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: घरच्या नॅसवरून (फाइली साठवायच्या पेटीवरून) टीव्हीवर पिक्चर लावला तर मधेमधे अडकून राहिला, नेटच्या प्लॅनचा स्पीड 100 चा 300 एमबीपीएस करू का? आणि खाली धडाधड सल्ले, करून टाका भाऊ. नका करू बाप्पा! पैसे जातील आणि पिक्चर जिथे अडकत होता तिथेच अडकेल, कारण या सगळ्या भानगडीत इंटरनेट कुठे येतच नाही.

नॅस म्हणजे एक-दोन हार्ड डिस्क आणि एक छोटा कॉम्प्युटर असलेली पेटी, राउटरला जोडलेली. फाइल पेटीतून राउटरमध्ये आणि राउटरमधून टीव्हीत जाते, घराचा उंबरठा ओलांडतच नाही. आपल्याकडे सिमेंट रोडच्या खोदकामात कुठेतरी फायबर तुटते आणि अर्धा दिवस नेट गायब होतं ना, त्या दिवशी नॅसवरचा पिक्चर लावून पाहा, आरामात चालतो. आणि सर्व्हर, म्हणजे हीच पेटी, टीव्हीकडे पिक्चर सोडत बसतो असंही नाही, हे पंगतीसारखं आहे, टीव्ही मागतो तेव्हा सर्व्हर वाढतो. टीव्ही म्हणतो, फाइलच्या अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत दे, तेवढा तुकडा येतो, तो संपत आला की पुढचा मागतो. तुम्ही रिमोटने थेट इंटरव्हलनंतर उडी मारू शकता ते याच्यामुळेच.

मग अडकतं काय? त्यासाठी व्हिडिओ फाइलच्या पोटात शिरावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मला हा लेख लिहायचाच होता तो याच्यासाठी.

थोडं गणित. फुल एचडीच्या एका चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे जवळपास 20 लाख 74 हजार पिक्सेल. प्रत्येकाला 3 बाइट, सेकंदाला 25 चित्रं, झाले सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट. अडीच तासांचा पिक्चर असाच्या असा साठवला तर 1.4 टेराबाइट लागतील, एकाच पिक्चरला! पण तुमच्याकडची फाइल असते 4 जीबीची, म्हणजे साडेतीनशे पट लहान, आणि बघताना फारसा फरकही जाणवत नाही. ही जादू दोन युक्त्यांची आहे.

पहिली युक्ती: एका फ्रेमनंतर (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र) दुसरी फ्रेम येते तेव्हा चित्रात बदलतं किती? वधू-वर स्टेजवर उभे आहेत, मागचा पडदा तोच, फुलांची कमान तीच, फक्त मामा मुलीला घेऊन दोन पावलं पुढे सरकले. मग पूर्ण चित्र पुन्हा कशाला लिहायचं. व्हिडिओ लहान करायच्या एच.264 या पद्धतीत (2003 मध्ये आली, आजही सगळ्यात जास्त हीच दिसते) चित्राचे 16 बाय 16 पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनासाठी फाइलमध्ये फक्त एवढंच लिहितात की मागच्या फ्रेममधला हा तुकडा उचल, सात पिक्सेल डावीकडे सरकव, आणि वर हा एवढासा फरक मिसळ. पूर्ण चित्र अधूनमधूनच येतं, त्याला आय-फ्रेम म्हणतात. तुम्ही पिक्चर पुढे पळवला की टीव्हीला जवळची आय-फ्रेम शोधून तिथून चित्र उभं करावं लागतं, म्हणून तो क्षणभर घुटमळतो.

दुसरी युक्ती उरलेल्या फरकावर चालते. बंगळुरूत जन्मलेले, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले नासिर अहमद यांनी नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत 1974 मध्ये डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म मांडला. त्याआधी या कल्पनेसाठी त्यांनी निधी मागितला तर तो मिळाला नाही, कल्पना फारच साधी आहे म्हणे! यात काय होतं, 8 बाय 8 च्या चौकोनातले 64 आकडे बाजूला ठेवून तोच चौकोन 64 ठरावीक नक्ष्यांची बेरीज म्हणून लिहायचा. काही नक्ष्या सपाट, काही मंद उताराच्या, काही बारीक जाळीसारख्या. बारीक जाळीतला फरक डोळ्याला फारसा कळत नाही, म्हणून त्यांचे गुणांक (ती नक्षी किती मिसळायची ते आकडे) मोठ्या आकड्याने भागून पूर्णांकात आणायचे, बहुतेकांचे शून्य होतात, आणि शून्यांची लांबच लांब रांग अगदी थोड्या जागेत मावते. एच.264 मध्ये याचाच पूर्णांकांवर चालणारा सुटसुटीत अवतार आहे. हे डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही, पुढे चला.

आता लग्नाचा व्हिडिओ आठवा. मंगलाष्टकं चालू आहेत तोवर सगळं गुळगुळीत. शुभमंगल सावधान झालं, चारी बाजूंनी अक्षता उडाल्या, आणि पहिली युक्ती तिथेच आडवी झाली. हजारो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वेग वेगळा. मागच्या फ्रेममध्ये जुळणारा चौकोन सापडणार कुठून, आणि दाणे इतके बारीक की दुसऱ्या युक्तीलाही फेकायला काही उरत नाही. फाइल बनवताना डेटावर कडक मर्यादा घातली असेल तर नेमके त्याच क्षणी चित्राचे चौकोन-चौकोन होतात, मर्यादा सैल असेल तर तेवढ्या सेकंदांपुरता डेटा एकदम कितीतरी पट वाढतो. नागपूरच्या फुटाळा तलावातल्या कारंज्याचं शूटिंग असेल तर तेच. सरासरीला पुरणारं वायफाय तिथे कमी पडतं, टीव्हीतला साठा संपतो आणि गोल चक्र फिरायला लागतं.

वायफाय का कमी पडतं? उन्हाळ्यातच का? खिडकीत बसलेला कूलर बघा. लोखंडी पत्रा लहरी परतवतो, आतलं टाकीभर पाणी आणि ओलं वुडवूल लहरी शोषून घेतं, आणि टीव्ही नेमका कूलरच्या पलीकडे. त्यात नॅससुद्धा वायफायवर असेल तर प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे, एकदा टीव्हीकडे, वेग सरळ निम्मा. नॅसला तरी तार लावा राजेहो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कोणी तुम्हाला सोन्याच्या मुलाम्याची स्पेशल स्ट्रीमिंग वायर विकायला आला तर हात जोडा, साधी कॅट-6 नेटवर्क वायर पुरते. राउटरवर चिकटवायचे रेडिएशन शोषणारे स्टिकर मिळतात तेही तसलेच, तो स्टिकर खरंच लहरी शोषत असता तर वायफायच चाललं नसतं, आणि या लहरींमध्ये पेशीतला रेणू तोडण्याइतकी ऊर्जा मुळातच नसते.

तार लावूनही अडकत असेल तर शंका ट्रान्सकोडिंगची. टीव्हीला फाइलमधली पद्धत वाचता येत नसेल तर बिचारा सर्व्हर सगळं चित्र उलगडतो आणि टीव्हीला कळेल अशा पद्धतीत पुन्हा गुंडाळतो, तेही चालू पिक्चरमध्ये. उलगडणं सोपं आहे, गुंडाळणं महाकठीण, कारण प्रत्येक चौकोनाचा जोडीदार मागच्या फ्रेममध्ये शोधत फिरावं लागतं. छोट्या पेटीतल्या प्रोसेसरला बऱ्याचदा ते पेलत नाही. यात सगळ्यात छुपा गुन्हेगार म्हणजे सबटायटल. ब्लू-रे डिस्कची सबटायटल अक्षरं नसतातच, ती चित्रं असतात, टीव्हीला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ती छापून अख्खा पिक्चर नव्याने गुंडाळतो. सबटायटल बंद करून बघा, पाचेक सेकंदांत उत्तर मिळेल. पेटीवर जेलीफिनसारखं सर्व्हर सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या डॅशबोर्डवर डायरेक्ट प्ले (फाइल जशीच्या तशी) चालू आहे की ट्रान्सकोड ते लिहिलेलंच असतं.

बऱ्याचदा चित्र टीव्हीला चालतं, अडतं ते आवाजाशी, डीटीएस पद्धतीत साठवलेला आवाज बऱ्याच टीव्हींना कळत नाही. तेव्हा लॅपटॉपवर एफएफएमपेग या प्रोग्रामने फक्त आवाज बदलून घ्या, चित्र जसंच्या तसं उचलून ठेवता येतं आणि काम काही मिनिटांत होतं. चित्रच बदलायचं असेल तर मात्र लॅपटॉप तासन् तास तापतो, मे महिन्यात 45 अंशात दुपारी हा उद्योग करू नका, रात्री कूलरसमोर लावून झोपा.