डोळे पिवळे न करणारी कावीळ

जुन्या माणसांच्या तोंडी हिपॅटायटिस बीचं नाव 'पांढरी कावीळ'. डॉक्टरांना ते खटकतं, पण त्यात एक नेमकं निरीक्षण आहे. दीर्घकाळ बी अंगात असलेल्या माणसाचे डोळे बहुधा पिवळे होत नाहीत, लघवीचा रंग बदलत नाही, जेवण जातं. वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी होतं, तेव्हा लिव्हर आक्रसलेलं असतं. या आजारावर नजर ठेवण्याचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

पुण्यात कावीळ म्हटलं की आधी पाणी आठवतं. नळात ड्रेनेज मिसळलं, एखाद्या वस्तीत पाच-दहा जण आजारी पडले, की नमुने घेतले जातात, क्लोरीन वाढवलं जातं. ती हिपॅटायटिस ए किंवा ई. १९५२ पासून शहरात असलेल्या विषाणू संशोधन संस्थेनं ईवर मोठं काम केलं आहे. साथ मोजायची सवय इथे चांगली मुरली. पण बीची सहसा साथ येत नाही. २००९ मध्ये गुजरातेत मोडासाला आली, तीही पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे. एरवी बी सापडतो तो दुसऱ्याच कामासाठी रक्त तपासलं म्हणून: गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं आणि रक्तपेढीचा फोन आला, किंवा गरोदरपणातल्या चाचण्यांत एका ओळीसमोर 'पॉझिटिव्ह' छापून आलं.

अशा तुटक सापडण्यातूनच नव्वदच्या दशकातला आकड्यांचा वाद उभा राहिला. त्यावर थोडं थांबायला हवं, कारण त्या वादाचा एक टोकदार आवाज पुण्याचा होता. १९९७ मध्ये हैदराबादेत बीची देशी लस तयार झाली, किंमत कोसळली, आणि गल्लोगल्ली शिबिरं लागली. 'एड्सपेक्षा शंभरपट संसर्गजन्य' हा मजकूर तेव्हा सर्रास दिसे. विषाणू पसरण्याच्या क्षमतेपुरतं ते चूक नव्हतं, पण वाचणाऱ्याला त्यातून वेगळंच समजे. तीन इंजेक्शनांचे पैसे भरायला रांगेत उभी राहिली ती मुख्यतः मोठी माणसं. निरोगी प्रौढाला लागण झाली तर आजार कायमचा राहण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. आईकडून जन्मताना लागण झालेल्या बाळात ती नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे भीती एका वयाला दाखवली जात होती आणि धोका दुसऱ्याच वयाला होता.

तेव्हा सगळीकडे ४.७ टक्के हा आकडा सांगितला जाई: भारतात इतके 'वाहक'. पुण्यातल्या काही डॉक्टरांनी त्यावर हरकत घेतली. वाहक म्हणायचं तर सहा महिने विषाणू अंगात टिकायला हवा, एका चाचणीवरून तसं ठरत नाही. शिवाय पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांसारखे जास्त जोखमीचे गट सरासरीत मिसळले होते. त्यांच्या हिशेबानं खरा आकडा दीड टक्क्याच्या आसपास येत होता. सरसकट लसीऐवजी गरोदर स्त्रियांची तपासणी करून धोक्यातल्या बाळांनाच लस द्यावी, असं त्यांचं म्हणणं. २००७ मध्ये जुनी सर्वेक्षणं एकत्र करून निघालेला आकडा मध्ये कुठेतरी बसला: आदिवासी नसलेल्यांत साधारण २.४ टक्के, आदिवासींत मात्र कितीतरी पट.

मला वाटतं, 'वाहक' शब्दाबद्दल ते डॉक्टर पूर्ण बरोबर होते, आणि तरीही लस सगळ्या बाळांना देण्याचा निर्णय योग्यच होता. प्रत्येक गरोदर बाईचं रक्त वेळेत तपासलं जाईल, हे गृहीत धरता येत नव्हतं. शिवाय आपल्याकडे पहिल्या पाच वर्षांत घरातल्या घरातही लागण होते.

पुढचं भराभर झालं. २००२-०३ मध्ये काही शहरं आणि ३३ जिल्ह्यांत सुरुवात, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यं, २०११ पासून सगळा देश. त्याच सुमारास दोन राज्यांपासून पेंटाव्हॅलंट आली आणि बी पाच-लसींच्या एका सुईत गेला. ती लस पुण्यातही बनते. २०१८ मध्ये हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तपासणी आणि औषध मोफत मिळू लागलं. २०२२ मध्ये देशात बीसह जगणारे सुमारे २.९८ कोटी, असा जागतिक अहवालाचा अंदाज आहे.

सुरुवातीचा भर सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या डोसवर होता. जन्माचा डोस नंतर रुजला, आणि आज घोडं अडतं ते तिथेच. बाळाचं कार्ड उघडून पाहा: बीसीजी, झिरो पोलिओ, हिपॅटायटिस बी, तिन्ही एकाखाली एक. पहिल्या दोघांना चार दिवस उशीर चालतो. तिसऱ्याला चोवीस तास. शनिवारी रात्री बाळंतपण झालं, लसीचा फ्रीज सोमवारी उघडणार, आणि एका बाळासाठी दहा डोसांची बाटली फोडायला सिस्टर कचरतात. खरं तर या लसीची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर चार आठवडे वापरता येते. सोमवारी तिघांच्याही पुढे एकच तारीख पडते, आणि कार्ड भरलेलं दिसतं.