बैलगाडा शर्यतीची परवानगी: अर्ज, कागदपत्रे आणि बैलासाठी घातलेल्या अटी

चैत्रातल्या यात्रा जवळ आल्या की गावोगावच्या यात्रा कमिट्यांची जिल्हाधिकारी कार्यालयात ये-जा सुरू होते. शर्यतीचे पत्र हातात पडले की काम झाले, अशी समजूत असते. त्या पत्रातल्या अटी मात्र शर्यतीच्या दिवशी पाळायच्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक बैलासाठी घातलेल्या आहेत. अर्ज भरतानाच त्या डोळ्यांसमोर ठेवल्या, तर मैदानावर ऐनवेळी पळापळ होत नाही आणि मुख्य म्हणजे जनावराचे हाल होत नाहीत.

ही सवलत सहज मिळालेली नाही. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या जोडीला बैलालाही खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. घोड्यासारखी बैलाची शरीररचना शर्यतीत धावण्यासाठी नाही, हे त्या निकालातले महत्त्वाचे निरीक्षण होते. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि शर्यतीचे नियमही काढले. उच्च न्यायालयात ते अडले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती कायम ठेवली. यातून आयोजकाने एवढेच धरून ठेवायचे की सवलत सशर्त आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि बैलाला वेदना न होणे, हे तिचे दोन खांब आहेत.

कोण, कुठे आणि कोणत्या जनावराची शर्यत

अर्ज एखादी व्यक्ती, संस्था किंवा समिती करू शकते. शर्यत मात्र कुठेही आणि केव्हाही भरवता येत नाही. ज्या जिल्ह्यात ती परंपरेने होत आली आहे, त्या जिल्ह्यात, परंपरेच्या दिवशी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी आधी मान्य केलेल्या जागीच ती घेता येते. म्हणून अर्जासोबत यात्रेची तिथी, ग्रामदैवत, शर्यत कधीपासून भरते याचा ग्रामपंचायतीचा ठराव आणि जुने पुरावे जोडावेत. वाढदिवसाला किंवा निवडणुकीच्या तोंडावर नवे मैदान काढून शर्यत भरवणाऱ्यांचा अर्ज इथेच कच्चा ठरतो, आणि तो ठरायलाच हवा.

नियमांत बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट ही तिन्ही नावे आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात घाटात (शर्यतीच्या खास धावपट्टीवर) पळणारा गाडा, सातारा-सांगलीकडचा मैदानातला छकडा आणि विदर्भातला पट हे सगळे त्यात येतात. गाडीवान असो वा नसो, जनावर बैलच असले पाहिजे. एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला बैल जुंपून पळवण्याच्या प्रकाराला ही सवलत लागू होत नाही. दोघांची चाल, उंची आणि दम वेगळा असतो. जू तिरके होते, बैलाचा खांदा सोलतो आणि मान पिळवटते. घाटात गाड्यापुढे घोडी पळवली जाते. तसे असेल तर अर्जात ते स्पष्ट लिहावे आणि पशुवैद्यकाकडून घोडीचीही तपासणी करून घ्यावी.

अर्ज आणि जोडायची कागदपत्रे

विहित नमुन्यातला अर्ज शर्यतीच्या किमान १५ दिवस आधी द्यायचा असतो. प्रत्यक्षात एक महिना हाताशी ठेवावा, कारण त्याच अर्जावर पोलीस, महसूल आणि पशुसंवर्धन विभागाचे अहवाल मागवले जातात. एक जरी अहवाल अडला, तरी पत्र यात्रेच्या आदल्या रात्रीपर्यंत लटकते. काही ठिकाणी हे काम उपविभागीय अधिकाऱ्यांकडे सोपवलेले असते. म्हणून अर्ज कुठे द्यायचा ते आधी विचारावे आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.

अर्जदाराचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. ५०,००० रुपयांची बँक हमी किंवा मुदत ठेवीची पावती अनामत म्हणून द्यावी लागते. यात नेहमी होणारी चूक म्हणजे ठेवीची मुदत यात्रेच्या दिवशीच संपते. शर्यत झाल्यावर चित्रीकरण सादर होऊन अहवाल येईपर्यंत अनामत अडकून राहते, त्यामुळे मुदत किमान तीन महिने पुढची घ्यावी. कमिटी नोंदणीकृत नसेल तर ठेव कोणाच्या नावे आणि जबाबदार कोण, हे ठरावात नावानिशी लिहावे. उद्या नियम मोडला तर दंड ‘समस्त ग्रामस्थांना’ होत नाही, सही करणाऱ्याला होतो.

जागेसाठी मालकाची लेखी संमती आणि सातबारा जोडावा. गायरान असेल तर तहसीलदारांकडून वेगळी मान्यता घ्यावी. मैदानाचा हाताने काढलेला नकाशाही पुरतो, पण त्यात धावपट्टीची लांबी-रुंदी, सुटण्याची आणि थांबण्याची जागा, बैलांचा निवारा, पाण्याची टाकी, प्रेक्षकांचे कठडे आणि रुग्णवाहिकेची वाट दिसली पाहिजे. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून स्वतंत्र काढावी लागते.

बैलांच्या बाजूने दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे कानातला १२ अंकी बिल्ला आणि भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी नोंदणी प्रणालीवरची त्याची नोंद. दुसरी म्हणजे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. ते शर्यतीआधीच्या ४८ तासांतले असावे.

प्रमाणपत्र: सगळ्यात हलका घेतला जाणारा कागद

बैल गोठ्यात आणि प्रमाणपत्र दवाखान्यात, असा प्रकार चालत असेल तर बाकीच्या सगळ्या अटी फोल आहेत. नोंदणीच्या टेबलावर बिल्ल्याचा आकडा वाचून प्रमाणपत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहणारा माणूस बसवावा. बारा आकडे पूर्ण वाचायचे. शेवटचे चार बघून सोडले की दुसऱ्याच बैलाचा कागद पुढे सरकतो.

तपासणी खरी असेल तर ती अशी होते. आधी दात बघायचे. आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेल्या, खोंडाला प्रौढ बैलाबरोबर जुंपले तर तो फरफटतो. मग खांदा बघायचा. जू बसते त्या जागी सूज, गरमपणा किंवा ओली जखम असेल तर बैल बाद. वेसणीची भोके ताजी रक्ताळलेली नसावीत. खुरांना ठोकलेल्या पत्र्या (नाल) हाताने हलवून बघाव्यात, कारण सैल पत्री पळताना निघाली की तिचा खिळा खुरात जातो. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच सपाट बसली पाहिजे. ती उभी राहिली तर अंगात पाणी कमी आहे असे समजावे. विश्रांतीत बैलाचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट आणि श्वास मिनिटाला १० ते ३० असतो.

शेपटी मुळापासून गोंड्यापर्यंत बोटांनी चाचपावी. मणक्यांवर गाठी लागल्या किंवा शेपटी मध्येच वाकडी झालेली असली, तर ती पूर्वी पिरगळून मोडलेली आहे. असा बैल कोणाच्या दावणीचा आहे आणि तो कसा पळवला जातो, हे त्या गाठी सांगतात. डोळे लाल होऊन पाणी गळत असेल, तोंडाला दारूचा वास येत असेल किंवा मानेवर सुईची ताजी खूण असेल, तर जोडी नोंदवूच नये. गाडामालक कितीही मोठा असला तरी नको.

धावपट्टी आणि वेळेचे गणित

धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नसावी. डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता, दगडगोटे, चिखल हे नकोच. अंतिम रेषेपुढे थांबायला मोकळी जागा लागते. बरेच अपघात रेषेच्या पुढेच होतात, कारण तिथे गर्दी आत घुसलेली असते आणि बैलाला वळायला वाट उरत नाही. धावपट्टीवर दुचाकी घेऊन मागे लागण्याला मनाई आहे. हॉर्न आणि धुराने बिथरलेला बैल कठड्यावर जातो.

एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पळवता येत नाही आणि पळण्याआधी किमान २० मिनिटे विश्रांती द्यावी लागते. गट (एकत्र सुटणाऱ्या जोड्यांची पहिली फेरी), सेमी आणि फायनल मिळून तीन फेऱ्या होतात, म्हणजे फायनलला जाणाऱ्या जोडीची मर्यादा तिथेच संपते. निशाण चुकले म्हणून गट पुन्हा पळवला, तर ती फेरीही मोजली पाहिजे. पुन्हा पळवलेली जोडी फायनलला पोहोचली की चौथी फेरी होते. हे नियम-पत्रकात आधीच छापावे, म्हणजे मैदानावर वाद होत नाही.

आता वेळ मांडून बघा. जुंपणी, सुटका आणि निकाल धरून एका गटाला १५ मिनिटे लागली, तर २० गटांना पाच तास होतात. सकाळी ७ ला सुरुवात केली की १२ वाजतात. गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार, तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपता येत नाही. चैत्र-वैशाखात हे रोजचेच असते. मग ३ नंतर सेमी, पुरेशी विश्रांती आणि फायनल अंधाराच्या आत बसते. दीडशे-दोनशे जोड्यांची नोंद घेतली की हे कोलमडते, आणि सगळ्यात आधी बळी जातो तो सेमी व फायनलमधल्या विश्रांतीचा. त्यामुळे नोंदणीची मर्यादा अर्जातच लिहावी. प्रवेश फी थोडी कमी जमेल, तेवढे सोसावे.

२० मिनिटे ही कमीत कमी विश्रांती झाली. बैल तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापत असेल, लाळेच्या तारा लोंबत असतील, तर घड्याळ काहीही सांगो, त्याला पुन्हा जुंपायचे नाही. सावलीत उभे करावे, अंगावर पाणी मारावे आणि थोडे थोडे पाणी पाजावे.

जे हातात दिसता कामा नये

चाबूक, काठी, पराणी, टोचणी, विजेचा झटका देणारी बॅटरी या सगळ्यांना मनाई आहे. शेपटी पिरगळणे, चावणे, वृषण दाबणे, डोळ्यांत किंवा गुदद्वारात मिरची घालणे हे छळाचेच प्रकार आहेत. १९६५ च्या नियमांत टोकदार काठी आणि खिळे किंवा उंचवटे असलेले जू यांनाही बंदी आहे. बॅटरी मुठीत मावते आणि टोचणी बाहीत लपते. म्हणून ड्रायव्हरचे हात व बाह्या आणि जुवाची आतली बाजू सुटण्याआधी तपासावी. हे काम पंचांनी स्वतः करावे, गाडामालकाच्या माणसावर सोडू नये.

बैल आणताना टेम्पोत खाली काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या टाकाव्यात. वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत. सोबत एक माणूस असावा आणि बैलांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत. मैदानावर पशुवैद्यक आणि जनावरांची रुग्णवाहिका सुटण्याच्या वेळेपासून शेवटची गाडी निघेपर्यंत हजर हवी. राज्यात पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे, पण तो मैदानावरच्या डॉक्टरला पर्याय नाही.

शर्यतीनंतर, आणि परवानगी कशी जाते

पूर्ण कार्यक्रमाचे चित्रीकरण १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचे असते. फक्त फायनलचे, संगीत लावून जोडलेले चित्रण चालत नाही. एक कॅमेरा सुटण्याच्या जागी आणि एक रेषेवर ठेवावा, पडद्यावर वेळ दिसावी. काठ्या आणि बॅटऱ्या सुटण्याच्या जागीच चालतात, हे तपासणारेही जाणतात.

परवानगी मिळाली तरी ती ऐनवेळी थांबू शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा संसर्गजन्य त्वचारोग पसरला तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार आणि शर्यती बंद ठेवल्या गेल्या. साथ आली की तारीख पुढे ढकलावी, आजारी भागातून जोड्या बोलावू नयेत.

१९६० च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड होता. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडल्या तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय अनामत जप्त होऊ शकते. बैल मेला किंवा कायमचा अपंग झाला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागू शकते आणि त्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शर्यतीवर पैसे लावले तर जुगाराचा गुन्हा वेगळा.

प्रेक्षकाला मारहाण दिसली तर ११२ वर कळवावे आणि स्थानिक ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. तक्रारीत गाव, वेळ, गट क्रमांक, गाड्यावरचा क्रमांक आणि जमल्यास बिल्ल्याचा आकडा लिहावा. चित्रण न कापता मूळ फाइल जपून ठेवावी. परवानगीपत्र, पशुवैद्यकाची प्रमाणपत्रे आणि आयोजकाने दिलेले चित्रीकरण माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मागता येते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. अर्जात ‘सर्व कागद’ असे मोघम लिहू नये. शर्यतीची तारीख, गाव आणि परवानगीपत्राचा जावक क्रमांक घालून एकेक कागद नावाने मागावा.